वन इन ट्वेंटी

सायकलवरून सिंहगड चढायचा बेत मी कुणाला सांगितला नसता, तर तो पार पाडावाही लागला नसता. पण निवृत्त माणसाच्या हातात फोन असतो आणि रात्री साडेनऊला झोप येत नसते. ‘उद्या सकाळी सिंहगड. सायकलने.’ एवढे चार शब्द मी आमच्या खात्यातल्या निवृत्तांच्या ग्रुपवर टाकले. दोन्ही पूर्णविराम मुद्दाम दिले. पूर्णविरामाने माणूस निश्चयी वाटतो. पाच मिनिटांत अकरा अंगठे आले, तीन जोडलेले हात आले (ते नमस्काराचे की श्रद्धांजलीचे, हे त्या चित्रावरून कधीच कळत नाही) आणि एकाने विचारलं, ‘बासष्टाव्या वर्षी?’ सूर्याजीने निदान मावळे वर पोचल्यावर दोर कापले होते. मी घरातल्या पलंगावर पडल्यापडल्याच कापून मोकळा झालो.

खरं तर मला भीती वाटायचं कारणच नव्हतं. लोक चढाला घाबरतात, कारण त्यांची चढाशी ओळख नसते. मी चौतीस वर्षं सरकारी नोकरीत रस्ते केले, त्यातली बरीच वर्षं घाटातले. चढ हा माझ्या हाताखालचा माणूस. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून 1934 सालची एक संस्था आहे. नावात काँग्रेस असली तरी निवडणूक लढवत नाही, नुसते नियम करते. तिच्या नियमाप्रमाणे डोंगराळ मुलखात रस्त्याचा चढ साधारण वन इन ट्वेंटी असावा. वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, म्हणजे पाच टक्के. अडचण असेल तर सहा. अगदीच इलाज नसेल तर सात, पण तो अपवाद म्हणून आणि थोड्या लांबीपुरता. डोंगर फारच उभा असला तर या प्रत्येक आकड्याला एकेक टक्क्याची सवलत. हे सगळं मी कॉलेजात पाठ केलं, पुढे नकाशांवर वापरलं, आणि खाली सह्या ठोकल्या. ‘अपवाद’ लिहिताना पेन अडखळल्याचं एकदाही आठवत नाही. उलट बरं वाटायचं. चढ वाढवला की रस्त्याची लांबी कमी होते, लांबी कमी झाली की अंदाजपत्रक खाली येतं, आणि अंदाजपत्रक खाली आलं की वरचे साहेब म्हणतात, पोरगा हुशार आहे.

तर सिंहगडाचाही मी रीतसर एल-सेक्शन काढला. आलेख कागदावर आडवं चेनेज म्हणजे अंतर, उभी उंची. वनखात्याच्या नाक्यापासून वर गाड्यांच्या तळापर्यंत आठ-नऊ किलोमीटर, चढाई सुमारे सहाशे मीटर. आमच्याकडे एल-सेक्शनमध्ये उभं प्रमाण आडव्याच्या दहापट घ्यायची पद्धत आहे, नाहीतर कागदावर चढ दिसतच नाही; त्यामुळे साध्या टेकाडाचाही सुळका होतो. कागद डायनिंग टेबलावर होता. बायकोने चहा ठेवता ठेवता तो पाहिला आणि एकदम गंभीर झाली.

“अहो, हा कार्डिओग्राम कधी काढलात? मला बोलला नाहीत.”

तिला सगळं समजावून सांगितलं. तिचा चेहरा काही फारसा बदलला नाही. “सायकल चालवणार आहात की टेंडर काढणार आहात?” एवढंच म्हणाली आणि मग कपाटातून तिने माझी माकडटोपी काढून ठेवली. हेल्मेटच्या आत ती बसत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. काही वाद पहाटे पाचलाच मिटवायचे असतात.

सायकल घेतानाचा एक अपमान इथे सांगून टाकतो, म्हणजे पुढे आडवा येणार नाही. किंमत माझ्या नोकरीतल्या पहिल्या अडीच वर्षांच्या पगाराइतकी. दुकानातला मुलगा फार अदबीचा. सगळे गिअर त्याने फिरवून दाखवले आणि चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर नेऊन म्हणाला, “आणि काका, हा ग्रॅनी गिअर.” म्हणजे आजीचा. मी म्हटलं, याची मला गरज पडणार नाही. तो म्हणाला, “हो काका, असू दे पण.” या ‘असू दे पण’मध्ये डॉक्टरचा सूर होता. नंतर वाचनात आलं, की 1903 साली टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज हा गृहस्थ गिअर बदलण्याच्या सोयीला नाक मुरडायचा. ती सोय पंचेचाळिशीपुढच्यांना, असं त्याचं मत. त्याच्या शर्यतीत 1937 पर्यंत डिरेलर लावायलाच बंदी होती. मला माणूस पटला. त्याच्या हिशेबाने मी सतरा वर्षं सवलतीला पात्र होतो आणि तरीही आजीच्या गिअरला हात न लावता गड चढणार होतो.

नाका ओलांडून दुसऱ्या वळणावर मी आजीच्या गिअरवर होतो.

नाक्यापर्यंतचं काही विशेष नाही. खडकवासल्याच्या भिंतीशी सूर्य उगवला, कणसवाले अजून यायचे होते, डोणज्याला वळलो, कुत्रे भुंकले. सपाटीवर कुठल्याही माणसाचं स्वतःविषयीचं मत चांगलं असतं. नाक्यावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, पावतीपुस्तकाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं आणि ‘जा’ म्हणून हात केला. त्या हात करण्यात मला कौतुक दिसलं. उतरताना परत पाहिला तेव्हा कळलं, तो सगळ्यांनाच तसा हात करतो.

घाट सुरू झाला आणि पहिल्या तीनशे मीटरांत मला एक तांत्रिक शोध लागला. सात टक्के हा आकडा नसून ती एक व्यक्ती आहे. ती आपल्या कॅरिअरवर येऊन बसते. आपण उभं राहून पायडल मारावं तर तीही उभी राहते. मांड्या भरून आल्या, कानात स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला, आणि पुढच्या चाकाला सरळ रेषेचं विस्मरण झालं. फोनमधल्या अॅपने तर कहर केला. माणूस थांबला की आपोआप घड्याळ बंद करायची त्यात सोय आहे. एका चढावर मी जिवाच्या आकांताने पायडल मारत असताना खिशातून मंजुळ आवाज आला की आपण थांबला आहात, नोंद स्थगित केली आहे. मी थांबलो नव्हतो. फक्त अॅपला ते सिद्ध करून दाखवण्याइतका वेग माझ्यापाशी नव्हता.

तेवढ्यात मागून पोरं आली. सहा-सात जण, झगझगीत बनियनं, एकमेकांशी गप्पा मारत. चढावर गप्पा! माझ्या शेजारून जाताना प्रत्येकाने काहीतरी टाकलं. “भारी काका!” “चालू द्या काका!” शेवटची एक मुलगी होती, तिने “छान चाललंय हं” म्हटलं, अगदी बालवाडीच्या बाईंच्या आवाजात. चौतीस वर्षं मला लोक साहेब म्हणत होते; निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने काका केलं ते मी पचवलं होतं. पण काकालाही एक किमान वेग लागतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्याच घाटाला प्रजाही लागत असणार, हे मला त्या वेळी प्रथमच सुचलं.

पाय न टेकता चढायचं असा माझा पण होता. पण आणि पाय यांच्यात फरक एका कान्याचा आणि एका अक्षराचा. पाय टेकला. आता प्रश्न असा, की मधोमध थांबलेल्या, भात्यासारखी छाती हलणाऱ्या, बासष्ट वर्षांच्या माणसाने जाणाऱ्या-येणाऱ्यांना आपण का थांबलो म्हणून सांगावं? फोटो काढण्याचं सोंग हल्ली कुणी मानत नाही. माझ्यापुढे डोंगराच्या बाजूला एक संरक्षक भिंत होती. भिंतीमागे पाणी साठून ती फुगू नये म्हणून तिला मीटर-मीटरवर भोकं ठेवतात. आमच्या भाषेत वीप होल, म्हणजे भिंतीला रडायची सोय. मी सायकल कठड्याला टेकवली, कमरेवर हात ठेवले आणि कपाळाला आठ्या घालून वीप होल तपासायला लागलो. एकात बोट घातलं. दुसऱ्यात डोकावलो. शेजारून गेलेल्या मोटारीने वेग कमी केला. आतल्या माणसाच्या चेहऱ्यावर आदर होता. सरकारी पाहणी चालली आहे असं त्याला वाटलं असणार. मला श्वास मिळाला आणि पदही.

मग काय, युक्ती सापडली. दर दीड-दोनशे मीटरवर मला तपासण्यालायक काहीतरी दिसायला लागलं. एका मोरीच्या तोंडाशी मी चार मिनिटं उभा होतो. गटाराचा उतार नजरेने जोखला. एके ठिकाणी कठड्याच्या दगडावर हात फिरवून ‘हं’ असा आवाजसुद्धा काढला, आसपास माकडाशिवाय कुणी नसताना. त्या दिवशी सिंहगडाच्या घाटाची जेवढी बारकाईने पाहणी झाली तेवढी मी नोकरीत असताना कुठल्याच घाटाची केली नव्हती.

वळणांचं म्हणाल तर तिथे माझी विद्या कामाला आली, आणि अंगाशीही. आमचा नियम आहे की घाटातल्या तीव्र वळणावर चढ थोडा सैल सोडायचा, कारण वळताना गाडीची ताकद कमी पडते. त्याचं सूत्रही आहे. शिवाय वळणाच्या आतल्या कडेला अंतर कमी आणि उंची तेवढीच, त्यामुळे आतून गेलं तर भिंत चढल्यासारखं होतं. बाहेरून मोठा फेरा घेतला तर तोच चढ सौम्य. त्या पोरांना हे ठाऊक नव्हतं. ती बिचारी ताकदीवर जात होती. मी शास्त्राने जायचं ठरवलं आणि पुढच्या वळणावर रुबाबात बाहेरची कड धरली. बाहेरच्या कडेने वरून येणाऱ्या जीपगाडीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारून खिडकीतून मला जे ऐकवलं, त्यात शास्त्र नव्हतं पण मुद्दा बरोबर होता. तिथून पुढे मी गुपचूप आतल्या कडेने भिंत चढत राहिलो.

आता दगडांविषयी. बायको म्हणते हा विषय काढला की मी जेवणही विसरतो. पण रस्त्याच्या कडेचे दगड ही काही सोम्यागोम्या गोष्ट नाही. किलोमीटरचा दगड सगळ्यांना माहीत असतो. राष्ट्रीय महामार्गाची टोपी पिवळी, राज्य महामार्गाची हिरवी, खेड्यांच्या रस्त्यांची केशरी. शाळेच्या सहलीत आम्ही टोपी ओळखायच्या पैजा लावायचो, मी जिंकायचो, आणि तेव्हाच माझं भवितव्य ठरलं असावं. दर पाचवा दगड बाकीच्यांपेक्षा थोराड असतो, घरातल्या थोरल्या जावेसारखा. पण माझा जीव आहे तो दोनशे मीटरच्या दगडांवर. दोन किलोमीटरांच्या दगडांमध्ये चार बुटके दगड पुरलेले असतात, त्यांवर नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे: 2, 4, 6, 8. गाडीतून जाणाऱ्याला ते दिसत नाहीत. दिसावेत अशी त्यांची अपेक्षाही नाही. ते खात्यासाठी असतात. ‘किलोमीटर सतरा, सहाच्या पुढे, डावीकडे दरड आली’ असा निरोप आला की माणूस अचूक तिथे पोचतो. मी तर म्हणेन पत्ता लिहावा तर असा. आमच्या सोसायटीचा पत्ता सांगताना मला एक बंद पडलेली बेकरी, एक मारुती आणि ‘तिथून कुणालाही विचारा’ लागतं.

एकदा एका रस्त्यावर मला 6 च्या दोन दगडांमध्ये 4 सापडला होता. मी जीप थांबवून मोजायला लागलो. ड्रायव्हरला उतरवून टेप धरायला लावला. साताठशे मीटर मोजून झाल्यावर उलगडा झाला, की कुणीतरी 9 चा दगड उलटा पुरला होता. दोनशे मीटरच्या दगडांत 9 नसतोच! मग तो आला कुठून? एका वस्तीच्या घराचा क्रमांक होता तो. दगड हलला म्हणून भल्या माणसांनी जवळचा दुसरा लावून खातं चालू ठेवलं होतं. हे मी घरी आल्यावर इतक्या आनंदाने सांगितलं की बायकोने त्या दिवसापासून मला पाहुण्यांसमोर दगड हा शब्द काढायची बंदी केली आहे. तिचंही बरोबर आहे. पण आठ-नऊ किलोमीटरच्या चढावर तुम्ही आजीच्या गिअरवर असाल, तर किलोमीटर हे फार मोठं माप आहे. ते माणसासाठी केलेलंच नाही. दोनशे मीटर हेच खरं माप. पुढचा बुटका दिसेपर्यंत मरायचं नाही, एवढंच ठरवता येतं. मी त्या सकाळी डाव्या-उजव्या गवतात बुटके शोधत चढत होतो, लहानपणी पायऱ्या मोजत पर्वती चढायचो तसा.

एका वळणापुढे मला असा एक दगड सापडला. गवतात कलंडलेला, चुना बराचसा उडालेला, 6 मात्र स्पष्ट. या वेळी मी कसलीही पाहणी केली नाही. सरळ त्याच्याशेजारी बसलो.

या दगडांना चुना मारायचं काम मैलकुलीचं. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत आली, मैल गेला, मैलकुली राहिला. एकेकाच्या वाट्याला रस्त्याचे दोन-चार किलोमीटर. गवत काढायचं, गटार साफ करायचं, दरडीचा राडा बाजूला करायचा, दगड रंगवायचे. मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी माझ्याकडे कोकणात उतरणारा एक घाट होता. त्या घाटावर एक मैलकुली होते. ‘होते’ आज म्हणतो. तेव्हा ‘अरे’ म्हणायचो. ते पन्नाशीचे, मी सत्तावीसचा. त्यांचं गाव घाटाच्या पायथ्याशी. एका सोमवारी सकाळी आठ वाजता मी सगळ्यांना घाटमाथ्यावर बोलावलं होतं. मी जीपने वरच्या बाजूने आलो, पावणेआठलाच. बाकीचे हजर. हे आठ चाळीसला उगवले. काळी, जड सायकल हाताने ढकलत. कॅरिअरला फावडं, टिकाव, त्यावर पालथं घमेलं सुतळीने करकचून बांधलेलं, आणि हँडलला चुन्याची पिशवी. अंगातला सदरा पाठीला चिकटलेला.

मी घड्याळ दाखवलं. “सायकल आहे ना तुझ्याकडे? मग एवढा उशीर?”

“चढ हाय, सायेब.”

आणि मी, सगळ्यांसमोर, हसून म्हणालो, “हा चढ? वन इन ट्वेंटी आहे. याला चढ म्हणत नाहीत.”

ते काही बोलले नाहीत. वन इन ट्वेंटी म्हणजे काय, हे त्यांनी विचारायचं कारण नव्हतं, ते नुकतेच त्याच्यातून आले होते. मी मस्टरवर अर्धा दिवस लावला. शिस्त लागली पाहिजे, असं मुकादमाला म्हणालोसुद्धा. मग त्यांनी सुतळी सोडली, घमेलं काढलं आणि कामाला लागले. मला अजून आठवतं, त्यांच्या उजव्या नडगीवर एक लांबट, काळपट डाग होता. मी तो पाहिला होता आणि काहीतरी त्वचेचं असेल असं समजून सोडून दिला होता.

त्या बुटक्या दगडाशेजारून उठून मी पुन्हा सायकलवर बसायला गेलो, तर पाय वर जाईना. म्हणून ढकलायला लागलो. सायकल चढावर ढकलताना ती आपल्याकडे कलते आणि दर दहा-बारा पावलांनी पायडलचं टोक नडगीवर येऊन आपटतं. एकाच जागी. दुसऱ्या किलोमीटरला तिथे साल गेली होती. माझ्या सायकलीचं वजन साडेअकरा किलो आहे आणि कॅरिअर तिला नाही.

वर किती राहिलं, हे विचारू नये. मी विचारलं. उतरणाऱ्या एका पायी गृहस्थाने ‘हे काय, आलंच’ म्हटलं. दुसऱ्याने ‘अजून अर्धंही नाही झालं’ म्हटलं, आणि हा दुसरा पहिल्याच्या वर भेटला. ताकाचा माठ घेऊन बसलेल्या एका मावशींनी मात्र हिशेब चोख दिला. “चार वळनं हायत बाबा. दोन बारकी, दोन मोटी. बसा जरा, ताक प्या.” काकाचा बाबा झाला होता. मी दोन ग्लास प्यालो. त्यांनी माझ्या नडगीकडे पाहिलं. “लागलं व्हय? पायंडल लागलं. ढकलत आलात ना?” असं म्हणून ओल्या फडक्याने त्यांनी माठ पुसला आणि तेच फडकं माझ्यापुढे केलं. एवढी सगळी वीप होल तपासून मी जे लपवलं होतं, ते त्यांनी एका नजरेत एम.बी.त, म्हणजे आमच्या मोजमाप वहीत, नोंदवून टाकलं.

शेवटची दोन वळणं मी सायकलवर बसून काढली, हे मला इथे ठळकपणे नमूद करायचं आहे. गाड्यांच्या तळावर पोचताना माझ्या तोंडून आवाज निघाला, त्याला लोक हुंकार समजले की हुंदका, माहीत नाही. नाक्यापासून एक तास बावन्न मिनिटं. अॅपच्या मते एक तास चार, कारण उरलेला वेळ मी थांबलो होतो. या एका बाबतीत त्याच्याशी भांडण काढायचं नाही असं मी ठरवलं.

पुणे दरवाज्यातून आत जाऊन पिठलं-भाकरी घेऊन बसलो, आणि हाडाचा अभियंता असल्याने हिशेब मांडला. माझं वजन 78 किलो, सायकल, बाटली, पंप वगैरे 13. एकूण 91 किलो सहाशे मीटर वर उचलले. म्हणजे सुमारे पाच लाख पस्तीस हजार जूल. आकडा वाचून छाती फुगली. एवढी ऊर्जा! मग विजेच्या युनिटात करून पाहिली. एका युनिटात छत्तीस लाख जूल असतात. माझं सगळं मरण युनिटाच्या सातव्या हिश्शाहून जेमतेम जास्त भरलं. युनिटला आठ रुपये धरले तर सव्वा रुपया. घामाने भिजलेला सदरा, सोललेली नडगी, दोन तास, आजीचा गिअर: सव्वा रुपया. समोरच्या ताटातल्या कांद्याची फोडसुद्धा त्यात येत नव्हती.

मग तो हिशेब मी दुसऱ्या सायकलीसाठी मांडायला घेतला. त्यांचं वजन साठ असेल, काळी सायकल वीस-बावीस, फावडं, टिकाव, घमेलं, चुना मिळून पंधरा-सोळा. घाटाची उंची मला तोंडपाठ होती, एल-सेक्शन मीच तपासला होता. पण दिवस किती धरायचे? रोजचा चढ, वर्षाचे तीनशे दिवस, वर्षं किती? कागदी रुमालावरचं पेन तिथेच थांबलं. शिवाय त्यातून अर्धा दिवस वजा करायचा होता. भाकरी गार झाली. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता दुसरी टाकली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला, तेव्हा मी रुमालाने तोंड पुसलं.

खाली उतरण्याचं वर्णन करत नाही. दोन्ही ब्रेक आवळून आवळून बोटं इतकी आखडली की घरी आल्यावर कुलपाची किल्ली फिरेना, बेल वाजवली. बायकोने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नडगीपाशी थांबली आणि हळद आणायला आत गेली. जाता जाता म्हणाली, “कार्डिओग्राममध्ये हे नव्हतं.”

संध्याकाळी पुणे दरवाज्यासमोरचा फोटो ग्रुपवर टाकला. सायकल तळावर ठेवली होती, त्यामुळे फोटोत ती नाही. मी, हेल्मेट आणि कमान. खाली लिहिलं: ‘1312 मीटर. सायकलने.’ पूर्णविराम दोन. अंगठे यायला लागले, फुलं आली, जोडलेले हात आले. मग आमच्याच विभागातून निवृत्त झालेल्या एका जुन्या सहकाऱ्याचा निरोप आला. माणूस अत्यंत साधा, खोडसाळपणा त्याच्या रक्तात नाही. मनापासून विचारलं होतं.

‘अभिनंदन साहेब! ड्रायव्हर कोण होता बरोबर?’

याला काय उत्तर द्यावं, ते मी गेले चार दिवस टाइप करतो आहे आणि पुसतो आहे.